तानशाचे पाणी

वैशाखात दोन दिवसांची सवड काढून आम्ही उभयता तानशाला गेलो. आटगावला उतरून पुढे रानातला रस्ता. धरणाशी आलो आणि बोलणेच खुंटले. जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांबीची दगडी भिंत, तिच्यामागे निळे पाणी आणि दूरवर माहुलीचे सुळके! "इथे घर असावे," सौ. म्हणाली. प्रवाशाला असे म्हणायला काय जाते म्हणा!

परतताना एका पाड्यावर टेकलो. ऊन मी म्हणत होते. एका आजीने न मागता पाण्याचा तांब्या पुढे केला. विहीर आटत आलेली. दोन खेपा करून आणलेले ते पाणी. शहापूर तालुक्यातली गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. वाचून पान उलटले होते.

हे धरण १८९२ साली पुरे झाले ते मुंबईसाठी. मुंबईने तहानलेले राहावे, असे मी कसे म्हणू? मीही मुंबईकरच. पण गरजेला पाणी हा न्याय मानला, तर आजीची गरज कोणत्या मापाने लहान ठरते? आणि तलावाची शोभा लुटणाऱ्याने हा हिशेब विचारायचाच नाही की काय?

"कुठले पाव्हणे?" आजीने विचारले.

"मुंबईचे," म्हणताना जीभ अडखळली.

"म्हणजे रोज आमचंच पाणी पिता की!" ती हसली.

त्या हसण्यात टोचणी असती तर बरे झाले असते. ती नव्हती. तांब्या रिकामा करावा की अर्धा ठेवावा, मला कळेना.