न छेडलेला गांधार

चंडीगड हे नगर फाळणीने निर्माण केलेल्या निकडीतून जन्मास आले. लाहोर पाकिस्तानात गेले, पंजाबला नव्या राजधानीची तजवीज करावी लागली, आणि शिवालिकच्या पायथ्याशी सेक्टरांच्या आखीव चौकटीत ती उभी राहिली. परंतु लाहोरबरोबर या मुलुखाने जे गमावले त्यात एका मराठी माणसाची पुण्याईही होती, कारण कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी आपले गांधर्व महाविद्यालय स्थापन केले ते लाहोरातच. नव्या राजधानीत १९५६ साली प्राचीन कला केंद्र निघाले, टागोर थिएटरात मैफली होऊ लागल्या, आणि येथला संगीताचा विद्यार्थी देशातील इतर विद्यार्थ्यांप्रमाणेच आरंभी पाठ करू लागला, की नाद द्विविध आहे: आघाताने उत्पन्न होतो तो आहत, आघातावाचून असतो तो अनाहत, आणि संगीतास उपयोगी तो आहतच. ही व्याख्या परीक्षेपुरती लक्षात राहते, पण तिच्यात एक थोर धर्मप्रश्न आहे. ज्या नादाला तार, कातडे किंवा कंठ लागतो, जो उपजतो आणि विरतो, त्याच्या योगे अविनाशी वस्तूकडे जाता येते काय?

या प्रश्नाला एक धाडसी उत्तर तेराव्या शतकात देवगिरीस दिले गेले. मूळच्या काश्मिरी घराण्यातला शार्ङ्गदेव हा सिंघण यादवाच्या दरबारी जमाखर्चाचे दप्तर सांभाळणारा अधिकारी, त्याने ‘संगीतरत्नाकरा’त सांगितले, की अनाहताची उपासना मुनिजन गुरूपदिष्ट मार्गाने करतात आणि तो मुक्ती देतो, पण त्याच्या ठायी रंजकता नाही, उलट आहत नाद लोकांचे रंजन करतो आणि भवबंधनही तोडतो. यातील रंजनाची गोष्ट कोणीही मान्य करील. परंतु जो नाश पावतो तोच बंध तोडतो, हे म्हणणे केवळ कलेचा गौरव करण्यासाठी केलेले नाही, असे मला निश्चयाने वाटते; आणि त्याचे प्रत्यंतर ग्रंथापेक्षा तंबोऱ्यात अधिक स्पष्ट मिळते.

तंबोऱ्याला सामान्यतः चार तारा: पहिली पंचमाची, मधली जोडी षड्जाची, शेवटची खर्जाची. गांधाराची तार त्यात नाही. तरीही जवारी उत्तम लागलेली असेल, म्हणजे घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पृष्ठभागाला तार जेथे हळूच घासते तेथे सुताचा दोरा नेमक्या ठिकाणी सरकवलेला असेल, तर खर्जाच्या झंकारातून गांधार स्वच्छ उमटतो. यालाच आपले गवई स्वयंभू गांधार म्हणतात. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मूळच्या शिकलगार घराण्यांनी, तलवारींना धार देणाऱ्या त्याच हातांनी, तून लाकडाचे आणि भोपळ्याचे तंबोरे घडविले. जवारी काढणाऱ्या कारागिराचे सारे कसब या न छेडलेल्या स्वराला वाट करून देण्यात खर्ची पडते.

येथे घाई करू नये. योग्यांचा अनाहत तो हाच, असे म्हणणे श्रद्धेला गोड वाटले तरी खरे नव्हे. हा गांधार त्याच तारेच्या कंपनाचा पाचवा अंश आहे, आघात थांबला की तोही विरतो. परंतु तो ऐकू येण्यासाठी कानाला जी वृत्ती धारण करावी लागते, म्हणजे छेडलेल्या स्वराचा आग्रह सोडून त्याच्या पोटात काय आहे त्याकडे शांतपणे वळावे लागते, ती वृत्ती आणि उपासकाची अंतर्मुखता या भिन्न जातीच्या नाहीत. आहत नादाची मुक्तिदायकता मी मानतो ती एवढ्याच अर्थाने, आणि हा अर्थ मला अल्प वाटत नाही.

पंजाबात तर हा विषय पंडितांच्या हवाली कधीच राहिला नाही. येथे ‘अनहद’ हा शब्द गुरुद्वारात बसलेल्या वृद्धेच्याही ओळखीचा आहे, आणि तो घरोघरी नेणाऱ्यांत आपले नामदेव आहेत. रागानुसार लाविलेल्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. सोरठातील एका पदात त्यांनी कातडे न मढविता वाजणाऱ्या मृदंगाचा अनुभव सांगितला आहे. ते पद रागी, म्हणजे गुरुद्वारातले कीर्तनकार, गातात तेव्हा शेजारी मढविलेल्या तबल्यावर ठेका चाललेला असतो, आणि कोणाही श्रोत्याला त्यात विसंगती वाटत नाही. शार्ङ्गदेवाचा सिद्धांत आचरणात आलेला पाहावयाचा असेल, तर मी जिज्ञासूला मैफलीआधी येथेच आणीन.

खेद एकाच गोष्टीचा वाटतो. कीर्तनात पेटी आली आणि तिच्या समान अंतराने लाविलेल्या पट्ट्यांमध्ये गांधार स्वयंभू गांधाराहून अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा बसला. गुरू नानकांचा सोबती भाई मरदाना याच्या हाती मात्र रबाब होता. आता रबाब, सारंदा यांसारखी जुनी तंतुवाद्ये कीर्तनासाठी पुन्हा शिकविली जात आहेत, याचे मोल मला वाद्यांच्या जीर्णोद्धाराहून मोठे वाटते. कारण पेटीवर गांधाराची जागा आधीच ठरलेली असते, आणि रबाबावर वा सारंद्यावर पडदे नसल्यामुळे ती प्रत्येक वेळी कानाने शोधून बोटाने धरावी लागते.