झाकली मूठ

अडचणीत सापडलेल्या घराला मदत करणे सोपे. मदत करूनही त्या घराची मान ताठ राहू देणे अवघड. हा विचार आला, की मला ख्रिस्ती मंडळींतील सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची रीत आठवते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह ती सुरू केली. सभासद नुसते पैसे पाठवून मोकळे होत नाहीत. दोघेदोघे घरी जाऊन बसतात, सुखदुःख विचारतात. आणि सभेत एक पिशवी फिरते. प्रत्येकजण तीत मूठ घालतो; कुणी किती टाकले, कुणाची मूठ रिकामीच होती, हे कुणाला कळत नाही.

दात्याचे नाव कळले, की घेणारा एका माणसाचा मिंधा होतो. रस्त्यात तो दिसला तरी नजर चुकवतो. घरी येणाऱ्या दोघांचे चेहरे दिसतात, हे खरे. पण ते आपले देत नसतात, साऱ्या मंडळीचे पोचवीत असतात. असे ऋण उद्या तिसऱ्याच्याच दाराशी फेडता येते.

दिवाळीत फराळाचे ताट आपणही रुमालाने झाकूनच शेजारी पाठवतो. ते झाकण्याचे कारण माश्या एवढेच नसावे.