घरात कोण आहे, ते सांगता येऊ दे

भुसावळच्या दिवाणी न्यायालयाने मार्च 2022 मध्ये एका घटस्फोटित शिक्षिकेचा दत्तकाचा अर्ज फेटाळला. मूल तिच्या बहिणीची मुलगी होती आणि जन्मदात्या आई-वडिलांची संमती होती. तरीही अर्ज नामंजूर झाला, कारण ही बाई एकटी आणि वर नोकरी करणारी. तिला मुलीकडे लक्ष द्यायला वेळ कुठून मिळणार, असा न्यायालयाचा प्रश्न होता. एप्रिल 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौरी गोडसे यांनी तो आदेश रद्द केला. बाल न्याय कायदा एकट्या आणि घटस्फोटित व्यक्तीला दत्तक घेऊ देतो, आणि एकटी व्यक्ती म्हटली की ती बहुधा कमावती असणारच. मग कायद्याने दिलेला हक्क त्याच कारणावरून काढून कसा घेता येईल? घरी असणारी जन्मदाती आणि नोकरी करणारी दत्तक आई अशी तुलना करण्यामागे कुटुंबाविषयीची मध्ययुगीन समजूत आहे, असंही उच्च न्यायालयाने सुनावलं. निकाल योग्यच झाला. पण ती समजूत फक्त एका न्यायालयापुरती नव्हती. घरातली माणसं कशी आहेत हे न पाहता घराची घडण कशी आहे यावरून त्याची पात्रता ठरवणं ही आपली जुनी सवय आहे, आणि दत्तकाच्या बाबतीत तिची किंमत मूल मोजतं.

गंमत नव्हे, खेद वाटावा अशी गोष्ट म्हणजे महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास या समजुतीच्या विरोधात साक्ष देतो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गोपाळरावाला 1875 मध्ये दत्तक घेऊन बडोद्याचे सयाजीराव केलं ते जमनाबाईंनी, आणि कागलच्या घाटग्यांच्या यशवंतरावाला 1884 मध्ये दत्तक घेऊन कोल्हापूरचे शाहू महाराज केलं ते आनंदीबाईंनी. दोघीही विधवा होत्या. ती दत्तकविधानं गादीला वारस हवा म्हणून झाली हे खरं, आणि राजवाड्याच्या साधनसंपत्तीची तुलना सामान्य घराशी होणार नाही हेही मान्य. पण स्त्रीने एकटीने दत्तक घेणं आपल्या परंपरेला मंजूर नव्हतं, असं तरी कुणी म्हणू नये. याहून मोलाचं उदाहरण फुल्यांचं. 1874 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत आपला मानला. ना जात जुळत होती, ना कुळ. समाजाच्या लेखी त्या मुलाचा जन्मच निषिद्ध होता. तो डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगमध्ये मायलेक मिळून पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करत होते. त्या सेवेतच सावित्रीबाई गेल्या. त्या काळी दत्तक बहुतेकदा वंशासाठी, पिंडदानासाठी घेतलं जाई. फुल्यांनी ते मुलासाठी घेतलं. आजचा बाल न्याय कायदाही मुलाच्याच हितासाठी आहे, पण त्याच्या अंमलबजावणीत वारशाची जुनी नजर अजून डोकावते.

मुलाच्या नजरेने पाहिलं तर पुरावा काय सांगतो? हुकूमशहा चाउशेस्कूच्या पाडावानंतर रुमानियाच्या अनाथालयांतली अनेक मुलं ब्रिटनमध्ये दत्तक गेली. मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या 165 मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. संस्थेत सहा महिन्यांहून कमी काळ राहिलेली मुलं ब्रिटनमधल्याच इतर दत्तक मुलांसारखी वाढली. त्याहून जास्त काळ राहिलेल्यांपैकी अनेकांच्या अडचणी चांगल्या घरात येऊनही वर्षानुवर्षं टिकल्या. म्हणजे खरी हानी होते ती घर मिळायला लागलेल्या उशिराने. घराच्या घडणीचं काय, याचा अभ्यास केंब्रिजच्या सुसन गोलोम्बोक यांनी केला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोन वडिलांची 41, दोन आयांची 40 आणि आई-वडिलांची 49 दत्तक कुटुंबं होती. दोन वडिलांच्या घरांतली मुलं कुठेही मागे नव्हती, आणि पालकत्वाच्या काही निकषांवर ती घरं सरस ठरली. यावर आक्षेप असा, की नमुना लहान आहे आणि हे पालक आधीच कसून पारखलेले होते. आक्षेप खरा आहे. पण तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. माणसांची नीट पारख झाली की घर चांगलं निघतं, मग त्यात आई-बाबा असोत, एकटी आई असो की दोन बाबा.

आपल्याकडे नेमकी ही पारखच नियमाने अवघड करून ठेवली आहे. दत्तक नियमावलीनुसार जोडप्याला मूल हवं असेल तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य लागतं. समलिंगी जोडप्यांना तर विवाहच उपलब्ध नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या समलिंगी विवाहाविषयीच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी अविवाहित जोडप्यांना वगळणारा हा नियम अवैध ठरवला, पण तीन न्यायमूर्तींच्या बहुमताने तो टिकला. शिवाय लग्नाविना जोडीदारासोबत राहणाऱ्या एकट्या अर्जदारालाही अपात्र ठरवणारं परिपत्रक ‘कारा’ने, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाने, जून 2022 मध्ये काढलं होतं. याचा व्यवहारात अर्थ काय? गृह अध्ययनासाठी समाजसेविका घरी येते, तेव्हा जोडीदाराचं नाव सांगितलं तर अर्ज बाद, आणि लपवलं तर ज्या माणसाच्या मांडीवर ते मूल वाढणार त्याचं उत्पन्न, आरोग्य, स्वभाव, पूर्वेतिहास यांपैकी काहीच तपासलं जात नाही. मुलाच्या सुरक्षिततेसाठी केलेला नियम सुरक्षिततेची पहिली पायरीच काढून घेतो. आणि पुढे त्या दुसऱ्या माणसाची सही शाळेत पालक म्हणून चालत नाही, शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर चालत नाही; तो गेला तर मृत्युपत्राशिवाय मुलाला त्याच्याकडून वारसाहक्काने काही मिळत नाही. बहुमताच्या बाजूने लिहिणाऱ्या न्यायमूर्ती रवींद्र भट यांनाही प्रत्यक्षात उभी राहिलेली अशी कुटुंबं दिसत होती. त्यांतल्या मुलांना सगळे लाभ मिळतील याचा विचार सरकारने करावा, असं त्यांनी नोंदवलं आहे.

मुलाला आई आणि बाप दोन्ही हवेत, असं राष्ट्रीय बालहक्क आयोगाने त्या सुनावणीत मांडलं. दिल्लीच्या आयोगाने नेमकी उलट बाजू घेतली. हा आग्रह प्रामाणिक असेल, पण त्याची सुसंगती लागत नाही. एकट्या व्यक्तीला मूल देणारा कायदा मान्य असेल, तर घरात आणखी एक जबाबदार माणूस असणं हा दोष कसा ठरतो? मुलं शाळेत चिडवतील ही भीती मी हलकी मानत नाही. मात्र विधवेच्या, घटस्फोटितेच्या, आंतरजातीय जोडप्याच्या मुलांनाही कधी ना कधी चिडवलं गेलं, आणि त्यावर त्यांना घर नाकारणं हा उपाय आपण मानला नाही. सर्वांत गंभीर आक्षेप रांगेचा आहे. तीस हजारांहून अधिक पालक नोंदणी करून वाट पाहत आहेत, 2024-25 मध्ये देशात-परदेशात मिळून 4,515 मुलं दत्तक गेली. मग पात्रता आणखी रुंद कशाला? कारण रांग मुख्यतः निरोगी तान्ह्या बाळांसाठी आहे. सहा-आठ वर्षांची मुलं, भावंडांच्या जोड्या, अपंग मुलं यांच्यासाठी ती नाही. त्यांना शोधत येणारा प्रत्येक समर्थ पालक मोलाचा आहे.

एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक देऊ नये, या कलम 57 मधल्या अटीबाबत मात्र मी घाई करणार नाही. तत्त्वतः ती अटही माणूस न पाहता घातलेली आहे. परंतु दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी व्हायचा पाठपुरावा जिथे मनुष्यबळाअभावी कागदावरच उरकला जाऊ शकतो, तिथे ती आजच काढणं मला धोक्याचं वाटतं. आधी प्रत्येक जिल्ह्यात पुरेशा प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या नेमाव्यात. ‘कारा’च्या परिपत्रकाचं तसं नाही. ते मागे घ्यायला नवा कायदा लागत नाही, आणि मागे घेतल्याबरोबर अर्जदार घरातल्या दुसऱ्या माणसाचं नाव उघडपणे सांगू शकेल. त्या दुसऱ्या माणसाला कायदेशीर पालक करण्यासाठी कलम 57 बदलावं लागेल. ते काम संसदेचं आहे, आणि त्याची मागणी करणारं निवेदन खासदारांकडे पाठवायला आपल्यापैकी कुणाचीच हरकत नसावी.