सन्निधान आणि चित्रफीत

विद्यापीठांच्या अध्यापनात डिजिटल साधने आली तेव्हा चर्चा झाली ती बहुतेक सोयीची, खर्चाची आणि नेटवर्कची. पण ज्ञान एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते ते शब्दामुळे की शब्द उच्चारणाऱ्याच्या सन्निधानामुळे, हा दर्शनशास्त्रातला जुना प्रश्न त्या चर्चेत क्वचितच कोणी विचारला. न्यायदर्शनाने शब्दाला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मानले आणि त्यासाठी अट घातली ती वक्ता ‘आप्त’ असण्याची. वस्तू जशी आहे तशी ज्याला कळली आहे आणि ती तशीच दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. तो श्रोत्यासमोर बसलेला असावा असे या व्याख्येत कुठेही नाही. तेव्हा एवढ्याच निकषावर पाहिले तर वर्गातले व्याख्यान आणि त्याची चित्रफीत यांत प्रामाण्याचा भेद करता येत नाही.

हा प्रश्न आता नुसता तात्त्विकही राहिलेला नाही. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी 2003 मध्ये ‘एनपीटीईएल’ हा चित्रित व्याख्यानांचा उपक्रम हाती घेतला, 2017 मध्ये ‘स्वयम्’ हे राष्ट्रीय व्यासपीठ आले, आणि एखाद्या अभ्यासक्रमाच्या सत्रातील जितके विषय त्यावरून पूर्ण करता येतात त्यांची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने 20 टक्क्यांवरून 2021 मध्ये 40 टक्क्यांपर्यंत नेली.

परंपरेतही माध्यमाविषयीचा संशय होताच. पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्रावरील ग्रंथात अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत लिहिलेले पाहून वाचणारा आहे, तसा घाईने म्हणणाराही आहे. स्लाइडवरच्या ओळी वाचून दाखवणारे प्राध्यापक पहिल्या प्रकारात सहज बसतात. दीडपट वेगाने व्याख्यान ऐकणारा विद्यार्थी तर आपल्या शिक्षकाला बळेच दुसऱ्या प्रकारात नेऊन बसवतो, आणि प्रश्न टाकल्यावर शिक्षकाने मुद्दाम पाळलेली क्षणभराची शांतता त्या वेगात दिसेनाशी होते. तरीही हा संशय मुख्यतः उच्चाराच्या शुद्धतेविषयीचा आहे. शिकवण्याच्या व्यवहारात नेमके काय गळते, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी महानुभाव पंथाकडे वळणे अधिक उपयोगाचे ठरते. सन्निधान आणि असन्निधान हे त्या पंथाचे पारिभाषिक शब्द आहेत: ईश्वरावताराची प्रत्यक्ष जवळीक ते सन्निधान आणि तो दृष्टीआड झाल्यानंतरचा काळ ते असन्निधान. पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर निघून गेल्यावर शिष्यांपुढे उभा राहिला तो असन्निधानात शिकायचे कसे हाच प्रश्न, आणि त्याचे एक उत्तर म्हणजे ‘लीळाचरित्र’. इ.स. 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, हा ग्रंथ सिद्ध केला. त्यासाठी ज्यांच्यासमोर एखादी लीळा, म्हणजे श्रीचक्रधरांच्या आयुष्यातला प्रसंग, घडली त्यांना गाठून त्यांनी ती ऐकली आणि पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेतली, असे परंपरा सांगते. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या ग्रंथात नुसते निरूपण नाही. शिष्या बाइसांनी काय विचारले, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी विचारले, भक्ताचा गैरसमज काय झाला आणि त्यावर सर्वज्ञ, म्हणजे श्रीचक्रधर, काय म्हणाले, हे सारे त्यात येते. ज्याला केवळ सिद्धान्त हवा त्याच्यासाठी केसोबासांनी सूत्रे पुढे वेगळी काढली. म्हाइंभटांनी गुरूबरोबर विचारणाराही जपला.

विद्यापीठीय व्याख्यानाच्या चित्रफितीतून वगळला जातो तो नेमका हाच विचारणारा. कॅमेरा फळ्याकडे आणि शिक्षकाकडे रोखलेला असतो. क्वचित मागून कोणी शंका काढली तरी तिचा आवाज माइकपर्यंत पोहोचत नाही, आणि चित्रफितीत दिसते ती फक्त शिक्षकाची वळलेली मान. न्यायदर्शनाने कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार केले: वाद, जल्प आणि वितंडा. त्यांपैकी तत्त्वनिर्णयासाठी चालणारा तो वाद, आणि तो गुरू, शिष्य, सहाध्यायी यांच्याशी करावा असे सांगितले. त्यात शिष्य हा शब्दांचा ग्राहक नसून पूर्वपक्ष, म्हणजे शंका किंवा आक्षेप, मांडणारा आहे. तेव्हा सन्निधानाचा अर्थ देहाची जवळीक एवढाच घेणे उथळ ठरते. एकाच्या शंकेने दुसऱ्याचे पुढचे वाक्य बदलू शकणे, हा त्याचा अध्यापनातला अर्थ होय.

हा अर्थ घेतला की वर्गालाही सूट मिळत नाही. पिवळ्या पडलेल्या वहीतून वर्षानुवर्षे त्याच नोट्स उतरवून देणारा वर्ग चार भिंतींच्या आतले असन्निधानच होता, आणि संगणकाला नावे ठेवणाऱ्यांनी हे सहसा कबूल केलेले नाही. 2020 च्या टाळेबंदीनंतर चाललेल्या तासांत उलट बाजू दिसली: पडद्यावर नावांच्या आद्याक्षरांचे काळे चौकोन, शिक्षकाचा ‘समजलं का?’ हा प्रश्न आणि चॅटमध्ये भराभर उमटणारे ‘येस सर’. तिसऱ्या बाकावरचे पेन लिहिता लिहिता थांबले की न विचारलेली शंकाही शिक्षकाला दिसते. काळ्या चौकोनात पेन दिसत नाही.

‘स्वयम्’च्या रचनेत चित्रफीत, वाचनसाहित्य आणि मूल्यमापन यांच्या जोडीला चर्चेचा एक स्वतंत्र भाग आहे, म्हणजे विचारणाऱ्याची जागा कागदोपत्री राखलेली आहे. तिथे शंकेचे उत्तर मिळते तेही पुष्कळदा नेमके असते. पण ज्या मिनिटाला ती शंका उठली ते मिनिट चित्रफितीत तसेच राहते, आणि पुढच्या सत्रातला विद्यार्थी त्याच वाक्यापाशी येऊन, आपल्या आधी इथे कोणी अडखळले होते याचा मागमूसही न लागता, पुन्हा एकटाच थांबतो.