राउटर कोणाचा?

भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत येणारी तार ब्रॉडबँड कंपनीची, यात वाद नाही. त्या तारेच्या टोकाला जोडलेला राउटर कोणाचा, हा मात्र खऱ्या वादाचा विषय आहे, आणि जर्मनीत तो मिटवण्यासाठी २०१६ साली कायदा करावा लागला. कंपनीचा राउटर काढून आपल्या पसंतीचा मोडेम-राउटर बसवण्याचा हक्क त्या कायद्याने ग्राहकाला दिला. उपकरणाच्या किमतीपुरता हा वाद कधीच नव्हता. एखादी वस्तू ‘माझी’ होते म्हणजे नेमके काय होते, हा त्यातला मूळ प्रश्न आहे.

मोडेम तारेतला संकेत संगणकाला कळेल अशा रूपात आणतो. राउटर घरातल्या सगळ्या उपकरणांना पत्ते देतो आणि कोणता निरोप कुठे जायचा हे ठरवतो. आजकाल दोन्ही कामे बहुधा एकाच डबीत होतात. घरात किती फोन आहेत, दूरदर्शन संच केव्हा चालू झाला, कोणत्या संकेतस्थळाचा पत्ता विचारला गेला, हे सारे या डबीतून जाते. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये बहुधा टीआर-०६९ नावाची व्यवस्थाही असते. डीएसएल फोरम या उद्योगसंघटनेने ती २००४ साली प्रसिद्ध केली. तिच्यामुळे राउटर ठरावीक काळाने कंपनीच्या सर्व्हरला आपली खबर देतो, आणि कंपनीला दुरूनच सेटिंग बदलता येते, नवे फर्मवेअर (उपकरणाच्या आतले सॉफ्टवेअर) घालता येते, राउटर बंद करून पुन्हा सुरू करता येतो. भाड्याच्या घराची दुसरी किल्ली मालकाने स्वतःकडे ठेवावी, तसेच हे आहे. यात कपट असतेच असे नाही. बहुतेक ग्राहक राउटरच्या सेटिंगचे पान एकदाही उघडत नाहीत, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यांच्यापर्यंत याच वाटेने पोचतात. तरी किल्ली दुसऱ्याकडे आहे ही गोष्ट त्यामुळे नाहीशी होत नाही.

स्वत्वाचा, म्हणजे मालकीचा, विचार भारतीय परंपरेत बारकाईने झाला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीवरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत लिहिली गेली आणि पुढे मुंबई इलाख्यातल्या हिंदू कायद्याचाही ती आधार ठरली. स्वत्व केवळ शास्त्रातूनच कळते की लोकव्यवहारातून, असा प्रश्न विज्ञानेश्वर उभा करतो आणि दुसऱ्या बाजूने कौल देतो. त्याचे प्रमाण साधे आहे. ज्यांनी शास्त्राचे नावही ऐकलेले नाही असे सीमेपलीकडचे लोकसुद्धा खरेदी-विक्री करतात, म्हणजे आपले काय आणि परके काय हे त्यांना कळते. या कौलाचे महत्त्व आजही आहे. स्वत्व व्यवहारातून घडत असेल, तर कंपनीच्या करारातले एखादे कलम म्हणजे त्यावरचा शेवटचा शब्द नव्हे. व्यवहार बदलला की सीमाही नव्याने आखता येते.

याज्ञवल्क्याचाच आणखी एक नियम इथे अधिक उपयोगी आहे. वस्तू हाती कशी आली याचा पुरावा म्हणजे आगम, आणि तिचा प्रत्यक्ष उपभोग म्हणजे भुक्ती. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला भोग वगळला तर आगम हा भोगाहून वरचढ मानला आहे. पण जिथे भोग लेशमात्रही नाही, तिथे आगमालाही बळ नाही, असे स्मृती पुढे सांगते. दुकानातून विकत घेतलेल्या, पावती जपून ठेवलेल्या राउटरला ही कसोटी लावून पाहावी. काही राउटर निर्मात्याच्या ॲपमध्ये खाते उघडल्याशिवाय सुरूच होत नाहीत. काहींच्या ठरावीक सेटिंग निर्मात्याच्या सर्व्हरमार्फतच बदलता येतात, आणि तो सर्व्हर बंद पडला की त्या सेटिंगही हातातून जातात. अमेरिकेत ग्राहकाने केबल मोडेम स्वतः विकत घेतला, तरी त्याचे फर्मवेअर बहुधा केबल कंपनीच पाठवते. अशा वस्तूचा आगम पक्का असतो आणि भुक्ती अर्धीमुर्धी.

यावरून एखादा म्हणेल की हवा तसा वापर करण्याची योग्यता हेच स्वत्व. ही व्याख्या जुनी आहे, आणि नवद्वीपचा नैयायिक रघुनाथ शिरोमणी याने ‘पदार्थतत्त्वनिरूपण’ या ग्रंथात ती खोडून काढली. त्याचा आक्षेप असा: परक्याचे अन्नही खाता येतेच, मग योग्यता म्हणजे काय? परक्याचे घेणे निषिद्ध आहे असे उत्तर दिले, तर परक्याचे कोणते हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवायला पुन्हा स्वत्वच हाताशी घ्यावे लागते. व्याख्या अशी स्वतःभोवतीच फिरते, म्हणून स्वत्व हा स्वतंत्र पदार्थ, म्हणजे दुसऱ्या कशात न विरघळणारा मूलभूत प्रकार, मानावा, असे त्याचे म्हणणे. राउटरच्या बाबतीत हा आक्षेप तंतोतंत लागू पडतो. भाड्याच्या राउटरचा ॲडमिन पासवर्ड हाती लागला म्हणून तो ग्राहकाचा होत नाही, आणि विकत घेतलेल्या राउटरमध्ये निर्मात्याने कुलूप घातले म्हणून तो ग्राहकाचा नाही असे होत नाही. उलट तो ग्राहकाचा आहे म्हणूनच ते कुलूप अन्याय्य ठरते. वापर हीच मालकी मानली, तर ज्याच्या हाती कुलूप तोच मालक ठरेल आणि तक्रारीला जागाच उरणार नाही. रघुनाथाची बाजू इथे अधिक बळकट आहे.

सीमा कुठे, हा यातला व्यावहारिक भाग. युरोपातल्या दूरसंचार नियामकांच्या ‘बेरेक’ या संस्थेने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन संभाव्य बिंदू मांडले. कंपनीचे जाळे सॉकेटपाशी संपले तर मोडेम आणि राउटर दोन्ही ग्राहकाच्या निवडीचे. मोडेमच्या पुढे संपले तर फक्त राउटर त्याच्या निवडीचा. राउटरच्याही पुढे संपले तर दोन्ही कंपनीचे. जर्मनीने पहिला बिंदू निवडला. १ ऑगस्ट २०१६ पासून कंपन्यांना जोडणीसाठी लागणारी सगळी माहिती करार करतानाच, न मागता आणि मोफत द्यावी लागते.

ही माहिती किती क्षुल्लक आणि तरीही किती निर्णायक असते, हे राउटर बदलताना दिसते. जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या डीएसएल जोडणीवर दुसरा मोडेम लावला, त्यात पीपीपीओईसाठीचे (जोडणीच्या लॉगिनचे) नाव आणि पासवर्ड बरोबर भरला, पण व्हीलॅनच्या, म्हणजे तारेतल्या आभासी वाटेच्या क्रमांकाच्या, रकान्यात ७ हा आकडा घातला नाही, तर डीएसएलचा दिवा हिरवा आणि स्थिर राहतो, मात्र इंटरनेट येत नाही. तार ठीक, यंत्र ठीक, अडतो तो एक आकडा. सेवेबरोबर दूरध्वनी असेल तर त्याचे नाव आणि पासवर्ड वेगळे लागतात. ही माहिती रोखून धरणाऱ्या कंपनीला दुसरा राउटर लावायला मनाई करण्याची गरजच उरत नाही. जर्मन कायद्याचा खरा विजय माहिती देण्याच्या या सक्तीत आहे.

कंपन्यांचा प्रतिवाद जाळ्याच्या सुरक्षेचा असतो, आणि तो नवा नाही. टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी दूरध्वनीला बिनतारी संचाशी जोडणारे ‘कार्टरफोन’ हे उपकरण विकायला घेतले, तेव्हा एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीने हाच मुद्दा काढला होता. १९६८ साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ठरवले, की जाळ्याला अपाय न करणारे उपकरण जोडायला बंदी घालता येणार नाही. तरी हा प्रतिवाद पोकळ नाही. जीपॉन या फायबर जोडणीच्या पद्धतीत एकच फायबर ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो आणि प्रत्येक घराने आपल्या पाळीलाच प्रकाश सोडायचा असतो. एखादे बिघडलेले उपकरण सतत प्रकाश सोडू लागले, तर त्या फायबरवरची सगळी घरे ठप्प होऊ शकतात. पण यातून एवढेच सिद्ध होते, की उपकरण ठरलेल्या मानकांत बसले पाहिजे. ते कंपनीनेच दिलेले असावे, हे सिद्ध होत नाही. कंपनीचे असणे हे सुरक्षेचे हमीपत्रही नव्हे. नोव्हेंबर २०१६ मध्ये दुरून व्यवस्थापनासाठी उघडे असलेले ७५४७ क्रमांकाचे पोर्ट हेरून हल्ला झाला, आणि डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांच्या जोडण्या कोलमडल्या.

दुसरी किल्ली परत घेतली की तिच्याबरोबरचे कामही ग्राहकाकडे येते. दुरुस्त्या न झालेला राउटर मालकाला कळूही न देता इतरांवरच्या हल्ल्यांत राबवला जातो. म्हणून इथल्या हक्काला कर्तव्याची जोड आतूनच आहे. ती वरून चिकटवलेली नाही. या कर्तव्याचा मोठा वाटा निर्मात्याचा आहे, कारण दुरुस्ती तयारच झाली नाही तर ग्राहक घालणार काय? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा दुरुस्त्या किमान कधीपर्यंत मिळतील हे निर्मात्याला जाहीर करावे लागते.

जर्मनीसारखा स्वतंत्र कायदा भारतात झालेला नाही. फायबरच्या टोकाचे यंत्र बहुधा कंपनीकडे नोंदलेल्या अनुक्रमांकावरूनच ओळखले जाते, त्यामुळे ते सहसा बदलता येत नाही. मात्र ते ब्रिज मोडमध्ये टाकून, म्हणजे त्याचे राउटरचे काम बंद करून, त्यामागे स्वतःचा राउटर लावता येतो, म्हणजे बेरेकच्या दुसऱ्या बिंदूपर्यंत पोचता येते. त्यासाठी ब्रिज मोड, पीपीपीओईचे नाव-पासवर्ड आणि व्हीलॅनचा आकडा या तीन गोष्टी जोडणी घेतानाच कंपनीकडून लेखी मागून घ्याव्यात, आणि राउटर विकत घेण्यापूर्वी त्याला दुरुस्त्या कोणत्या वर्षापर्यंत मिळणार हे दुकानदाराला विचारावे.