हात लावायची मुभा

सप्टेंबरात कास पठारावर जाणाऱ्या गाड्यांत शाळकरी मुलं पुष्कळ असतात. आईवडिलांनी आठवडाभर आधी ऑनलाइन नोंदणी केलेली असते, पहाटे उठवून पोरांना गाडीत कोंबलेलं असतं. पठारावर पाय ठेवताच मुलाच्या कानावर पहिलं वाक्य पडतं ते 'हात लावू नकोस'. हे बरोबरच आहे. पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेली त्यांत कास आहे, आणि कातळावरच्या मातीच्या पातळ थरात उगवणारी ती झाडं हजारो पायांना पुरणारी नाहीत. पण मुलाच्या पदरात काय पडतं? जांभळट गुलाबी रंगाचा एक लांबलचक पट्टा, धुकं, भाजलेलं कणीस आणि चार फोटो. परतल्यावर त्याला विचारा, तेरड्याच्या फुलाला मागून जी बारीक वाकडी नळी निघते ती कशासाठी असते? तशी नळी असते हेच त्याला ठाऊक नसतं. ते कळायला फूल हातात घ्यावं लागतं, उलटं करावं लागतं, आणि बहुतेक वेळा फाडावंही लागतं.

म्हणून मला वाटतं, मुलाची निसर्गाशी पहिली ओळख राखीव पठारावर होऊ नये. ती कुंडीतल्या, अंगणातल्या, भरमसाट उगवणाऱ्या आणि कुणालाच किंमत नसलेल्या फुलांशी व्हावी. तिथे त्याला मोडतोड करायची मुभा असते.

देशी वनस्पतींचे कैवारी असलेले माझे काही मित्र यावर नाक मुरडतील. झेंडू मेक्सिकोचा, गुलबक्षीही अमेरिका खंडातून आलेली, ऑफिस टाइम दक्षिण अमेरिकेतलं. या पाहुण्यांच्या मार्फत मुलांना कसला सह्याद्री कळणार, असं त्यांचं म्हणणं. जंगलात माजलेल्या घाणेरीवरचा त्यांचा राग मला समजतो. पण शिकण्याचा हिशेब वेगळा आहे. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. पहिलीत असताना पाहिलेली कारवी पुन्हा पाहायला नववी उजाडते. गुलबक्षी मात्र पावसाळाभर रोज संध्याकाळी दारात हजर असते. आज विचारलेला प्रश्न उद्या पुन्हा विचारता येतो, आणि आज चुकलेलं उत्तर उद्या खोडताही येतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे 'उद्या' लागतं.

तेरड्यापासूनच सुरुवात करू. जूनमध्ये बी टाकलं की आठवड्याभरात रुजतं आणि गौरी-गणपतीच्या सुमारास झाड फुलावर येतं. कोकणात तर गौर तेरड्याचीच असते. त्याचा रंग तीन दिवस टिकतो, हे मराठीत जन्मलेल्या प्रत्येकाने ऐकलंय. तपासलंय किती जणांनी? एका कळीच्या देठाला रंगीत दोरा बांधायचा आणि रोज सकाळी वहीत नोंद करायची, एवढंच काम. दोरे दहा-बारा कळ्यांना बांधले तर आणखी बरं, कारण मग सगळ्यांचं उत्तर एक येत नाही आणि भांडण सुरू होतं. पाऊस पडलेल्या दिवसाचं काय करायचं? गळून पडलेलं पण न कोमेजलेलं फूल कुठल्या दिवसात धरायचं? हे प्रश्न मुलं स्वतःच काढतात. शास्त्रज्ञ याच प्रश्नांवर आयुष्य काढतात, हे त्यांना आत्ताच सांगायची गरज नाही.

रोज तेच फूल पाहणाऱ्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात येते. उमललेल्या तेरड्यात आधी पुंकेसर दिसतात. ते वरून एकमेकांना जुळून स्त्रीकेसर पुरता झाकून टाकतात. एक-दोन दिवसांनी तो गुच्छ अख्खा गळून पडतो आणि खालचं हिरवं टोक उघडं पडतं. एकच फूल आधी नर आणि मग मादी. म्हणजे पराग दुसऱ्याच फुलावरून यायला हवा, तो आणणारं कुणीतरी हवं, आणि त्या कुणाला तरी काही मोबदला हवा. मागच्या नळीतला मध तो हाच. ही साखळी मुलाने स्वतः जुळवली तर चित्रातल्या बाणांची त्याला पुन्हा कधी गरज पडत नाही. शेंगांविषयी लिहीत नाही; पिकलेली तेरड्याची शेंग बोटांत धरून फटकन उडवणं हे ज्याने केलेलं नाही असा माणूस मला दाखवा. एवढंच सुचवतो की मोबाइलवर ते संथ गतीत टिपून पाहावं. मुलांच्या हातात मोबाइल देण्याचं मला पटणारं कारण तेवढं एकच.

ऑफिस टाइम या फुलाचं नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण ठेवणाऱ्याने निरीक्षण केलेलं होतं. ऊन चढलं की उघडायचं, दुपार कलली की मिटायचं. स्वीडनच्या लिनियसने १७५१ साली फुलांच्या उघडण्या-मिटण्याच्या वेळांवरून घड्याळाची कल्पना मांडली होती. आपल्याकडे ते घड्याळ कमी खर्चात होतं: पहाटे प्राजक्त गळतो, नऊ-दहाला ऑफिस टाइम, चारच्या पुढे गुलबक्षी, अंधार पडला की रातराणी. वेळा लिहून झाल्या की खरा प्रश्न येतो. हे फूल घड्याळ पाहतं की ऊन? एका कुंडीवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला, शेजारची उघडी ठेवा. रविवारी ऑफिसला सुट्टी असते का, असंही एखादं पोर विचारील. त्यालाही पाहूनच उत्तर शोधायला सांगावं. ऑफिस टाइमच्या उघड्या फुलातले पुंकेसर गवताच्या काडीने हलकेच छेडले तर ते हळूहळू त्या काडीच्या बाजूला झुकतात. झाड हलतं, हे पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. मोठ्यांचाही.

गुलबक्षीत तर अख्खी प्रयोगशाळा आहे. मेंडेलचे विस्मरणात गेलेले नियम १९०० साली ज्या तिघांनी पुन्हा उजेडात आणले त्यांतला एक कार्ल कोरेन्स. त्याने गुलबक्षीवर पुष्कळ काम केलं. लाल आणि पांढऱ्याचा संकर केला की पहिल्या पिढीत गुलाबी येते, आणि गुलाबीची पुढची पिढी पुन्हा लाल, गुलाबी, पांढरी अशी फुटते. पानांवर हिरवे-पांढरे डाग असलेल्या गुलबक्षीवरून त्यानेच १९०९ मध्ये दाखवलं की पानाचा हा गुण फक्त आईकडून येतो. नववीतल्या मुलांना कागदावरच्या चौकोनांत हे शिकवतात आणि शाळेच्या कुंपणालगतच गुलबक्षी माजलेली असते. संकर करायचा तर उमलण्याआधी कळीतले पुंकेसर काढावे लागतात, हात थरथरतो, निम्मे प्रयत्न फुकट जातात. तरी एका फुलाला एकच बी धरतं ही मोठी सोय. मोजणी चुकत नाही. त्या काळ्या मिऱ्यांसारख्या बिया विषारी असतात, तेवढं पहिल्याच दिवशी नीट सांगावं. पिवळ्या कण्हेरीचंही तेच.

आता जिनिव्हात जन्मलेल्या एका तत्त्वज्ञाकडे वळतो. रूसोने १७७१ पासून मादाम देलेसेर यांना, त्यांच्या लहानग्या मुलीला वनस्पती शिकवता याव्यात म्हणून, काही पत्रं लिहिली. नावं सांगायच्या आधी पाहायला शिकवा, हा त्यांचा सूर. त्यांत एक तंबी आहे: दुहेरी, भरगच्च पाकळ्यांच्या फुलांच्या वाटेला जाऊ नका. माळ्यांनी सजवलेल्या अशा फुलात मूळची रचना हरवलेली असते. अडीचशे वर्षांनंतर आपल्या रोपवाटिकांत फेरी मारली की ही तंबी किती नेमकी होती ते कळतं. दुहेरी जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. मुलाला दाखवायला उरतं काय? एकेरी लाल जास्वंद मिळणं मुश्कील नाही, पण नव्या वसाहतींच्या बागांत ती 'गावठी' म्हणून बाद होते. प्रदर्शनांतून बक्षिसं मिळवणारी फुलं आणि शिकवणारी फुलं या बहुधा दोन वेगळ्या जाती असतात.

त्यातही एक गंमत आहे. फुलाचे भाग शिकवायला पाठ्यपुस्तकांनी ही एकेरी जास्वंद लाडकी मानली. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग, सगळं ठसठशीत दिसतं. पण आपल्या अंगणातल्या जास्वंदीला बी धरलेलं कुणी सहसा पाहत नाही. झाड फांदीवरूनच लावतात. ज्या फुलावर आपण प्रजननाचा धडा घेतो त्याचा धड्यातला शेवट दारात होतच नाही. एखाद्या चौथीतल्या मुलीने 'बाई, जास्वंदीचं बी कुठाय?' असं विचारलं, तर वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न तो आहे.

झेंडूचं मात्र रूसोने ऐकून घेतलं असतं. त्याने एका पत्रात साध्या डेझीविषयी लिहिलं आहे, की हे एक फूल दिसतं पण ती दाटीवाटीने बसलेल्या शेकडो फुलांची वस्ती आहे. आपल्याला त्यासाठी डेझी नको. दसऱ्याच्या आदल्या रात्री घरोघर तोरणं ओवली जातात, तेव्हा मुलांच्या मांडीवर झेंडूचा ढीगच असतो. एक फूल मधोमध उभं चिरायचं. उपटलेली प्रत्येक 'पाकळी' खाली एका बारीक दांडीवर बसलेली दिसते. ती दांडी म्हणजे होऊ घातलेलं बी, आणि ती पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल. एकेरी मखमली झेंडू मिळाला तर कडेची पसरट आणि मधली नळीसारखी अशी दोन प्रकारची फुलं वेगळी काढता येतात. तोरण सुकल्यावर त्यातलं बी पेरावं. काही उगवेल, काही उगवणार नाही, आणि जे उगवेल ते आईसारखंच फुलेल याची खात्री नाही. बाजारातल्या संकरित झेंडूचं बी आणि शेतकऱ्याला दरवर्षी विकत घ्यावी लागणारी रोपं, हा विषय इथून सहज निघतो.

मुभेचा मुद्दा माझा एकट्याचा नाही. जर्मनीत ब्लांकेनबुर्गला १८३७ मध्ये लहान मुलांची संस्था काढणाऱ्या फ्रोबेलने बालबागेत दोन भाग केले होते. एक सगळ्यांचा सामाईक, आणि दुसरा प्रत्येक मुलाचा आपापला लहानसा वाफा. त्या वाफ्यात मूल काय लावील, कसं लावील, झाडाला कसं वागवील हे त्याचं त्याने ठरवायचं. हेळसांड केली तर तिचा परिणामही त्यालाच दिसायचा. आपल्याकडे याच्या नेमकं उलटं चालतं. शाळेत बाग असली तर ती माळीकाकांची, आणि शाळेचा प्रकल्प असला तर तो आईचा. मुलाची कुंडी वाळायला लागली की रात्री बाबा गुपचूप पाणी घालतात. निकालाच्या वेळी झाड हिरवं, वही सुबक, आणि मूल कोरडं. मुलाच्या हातून झाड मरणं ही मला शिकण्यातली मोठी घटना वाटते. का मेलं, याचा तपास दोन-तीन दिवस चालला पाहिजे. उपटून मुळं पाहिली पाहिजेत. पाणी जास्त घातल्यानेही झाड मरतं, हे कळायला एक तरी झाड कुजवावं लागतं.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे काम केलं त्यात पानं, बिया, शंख, खडे हीच शिकवण्याची साधनं होती. गुरं राखायला गेलेली मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. तिथल्या मुलांना झाडं माहीत होती. आज ठाण्या-पिंपरीतल्या बाराव्या मजल्यावरच्या मुलासाठी कुरण कुठून आणायचं? बाल्कनीला चार-पाच तास ऊन असेल तर ऑफिस टाइम आणि झेंडू, कमी असेल तर तेरडा. कुंडी नसेल तर तळाला भोकं पाडलेला तेलाचा डबा. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखी आहे ती अळी. तेरड्यावर कधीतरी शेपटीवर काटा असलेली जाडजूड अळी येते आणि दोन रात्रींत पानांचा फडशा पाडते. तिचंच पुढे पतंगात रूपांतर होतं. संध्याकाळी गुलबक्षीपुढे हवेत स्थिर राहून लांब सोंडेने मध पिणारे पतंग त्याच कुळातले. म्हणजे मुलाला गुलबक्षीजवळचा पतंग पाहायचा असेल तर तेरडा खाऊ द्यायला हवा. इथे घरात दोन पक्ष पडतात. आजी कडुनिंबाचं पाणी घेऊन येते, मूल मध्ये उभं राहतं. निवाडा मोठ्यांनी करू नये. माझा कल मुलाकडे आहे हे मात्र कबूल करतो. परदेशी गुलबक्षीच्या दारात इथलाच पतंग येतो, एवढं माझ्या त्या नाक मुरडणाऱ्या मित्रांनीही ध्यानात घ्यावं.

आता एक अडचण शिक्षकांची. गुलबक्षीच्या रंगीत भागाला सगळे पाकळ्या समजतात, तळाच्या हिरव्या पेल्याला निदलपुंज. वनस्पतिशास्त्र सांगतं की रंगीत नळी हाच निदलपुंज आहे, दलपुंज मुळात नाहीच, आणि हिरवा पेला म्हणजे फुलाबाहेरची छदं. नुसती गुलबक्षी पाहून हे कळणं अवघड. पण तिच्याच कुळातली बोगनवेल शेजारी ठेवा. कागदासारख्या तीन रंगीत पानांच्या आत बारीक पांढुरकी नळी दिसते. ते खरं फूल, आणि ती रंगीत पानं तिथेच असतात जिथे गुलबक्षीचा हिरवा पेला असतो. दोन्ही उघडून पाहिलेल्या एखाद्या मुलीने परीक्षेत फुलाचे भाग लिहिताना 'गुलबक्षीला पाकळ्या नसतात' असं लिहिलं तर? उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ओढण्याआधी तपासणाऱ्या बाईंनी किंवा सरांनी बोगनवेलीचं एक फूल उघडून पाहावं. बहुतेक शाळांच्या फाटकावर ती असते.