उंचावरून दिसणारे नगर

रात्री एखाद्या गगनचुंबी इमारतीच्या सज्जातून दिल्ली किंवा गुरुग्राम पाहिले, तर खाली दिव्यांचा सागर पसरलेला दिसतो. त्याचे छायाचित्र घ्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र अंधारात कॅमेऱ्याची झडप काही सेकंद उघडी ठेवावी लागते. तेवढ्यात धावत्या मोटारींच्या दिव्यांच्या रेषा उमटतात, चालणारी माणसे मात्र उमटतच नाहीत. आपल्या दृष्टीचेही असेच होते काय?

सुमारे ७३ मीटर उंचीच्या कुतुबमिनारावर चढून लोक पूर्वी दिल्ली पाहत. ४ डिसेंबर १९८१ रोजी आतील जिन्यातले दिवे गेले, चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. दुरून पाहणाऱ्यास त्या घटकेलाही मिनार नेहमीसारखाच दिसला असेल.

आपला प्रभू जैतुनांच्या डोंगरावरून उतरत यरुशलेमेजवळ आला आणि नगर पाहून रडला. तेथील माणसांवर येणारे अरिष्ट त्याला दिसत होते. सौंदर्य पाहण्यात दोष नाही. परंतु खाली उतरल्यावर, त्याच दिव्यांपैकी एकाखाली रात्र जागणाऱ्या रखवालदाराची आपण विचारपूस करतो काय?